थंडीत औषधाआधी खोली बघा

तुमच्या घरी ७४ वर्षांचे वडील आहेत, त्यांना रक्तदाब. आई ६८ वर्षांची, तिला पंधरा वर्षांपासून मधुमेह आणि तळपाय बधिर. मुलगी चार वर्षांची. थंडी सुरू झाली की दोन-अडीच महिने घरात कोणी ना कोणी आजारी असतं, तर सगळ्यांची प्रतिकारशक्ती वाढायला काय द्यावं, असं तुम्ही विचारलंय. दर हिवाळ्यात हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो की उत्तर तोंडपाठ आहे. पण तुमच्या प्रश्नाच्या शेवटी जाता जाता एक वाक्य आलंय आणि मी तिथेच थांबले. ‘रात्री आईबाबांच्या खोलीत शेगडी ठेवून दारं-खिडक्या घट्ट लावतो, तरी सकाळी दोघांचंही डोकं जड असतं, आईला मळमळतं, दहा-अकरापर्यंत उतरतं.’

त्या ‘तरी’च्या जागी ‘म्हणून’ हवं असावं, अशी मला दाट शंका आहे.

तेव्हा प्रतिकारशक्तीचं नंतर बघू. आज रात्रीपासून त्या खोलीत शेगडी नको. खिडकी जराशी उघडी ठेवून नको आणि ‘झोपायच्या आधी तासभरच’ म्हणूनही नको. किती फट पुरेल हे खोलीच्या आकारावर, वाऱ्यावर, कोळसा किती आहे यावर अवलंबून असतं. ते मला सांगता येणार नाही, आणि फट पुरत नाहीये हे झोपलेल्या माणसाला कळत नाही.

यामागचं कारण नीट सांगते, कारण कारण पटलं नाही तर चार दिवसांनी कडाका वाढला की शेगडी परत आत येते. कोळसा, लाकूड, रॉकेल, गॅस, काहीही जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, घशात खवखव नाही. धूर झाला असता तर तुम्हीच उठून खिडकी उघडली असती. लोक काय करतात, की शेगडी बाहेर पेटवतात, धूर जाऊ देतात आणि लालबुंद निखारे झाले की आत आणतात. आता धूर नाही म्हणजे धोका नाही, असा हिशेब. पण निखाऱ्यांतूनच हा वायू भरपूर निघतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे हवेत थोडासाच असला तरी रात्रभरात रक्तात साठत जातो. उघड्या हवेत आल्यावर त्याचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला चार-पाच तास लागतात. सकाळी सहाला उठलेल्या माणसाला दहा-अकराला बरं वाटणं या हिशेबात अगदी बसतं.

माझ्या डॉक्टरकीच्या सुरुवातीच्या वर्षांत हे माझ्या हातून एकदा निसटलं होतं. वयस्कर नवरा-बायको, सकाळी डोकेदुखी आणि मळमळ. ताप नाही, पोट मऊ, रक्तदाब ठीक. मी पित्ताच्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांनी पुन्हा आले, मी गोळ्या बदलल्या. पाचव्या दिवशी त्यांचा तरुण मुलगा सोबत आला. तो आदल्या रात्री गावाहून येऊन त्याच खोलीत झोपला होता, आणि त्याचंही डोकं दुखत होतं. तिघांना एकाच सकाळी पित्त होत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. तेव्हापासून हिवाळ्यात डोकेदुखीचा पेशंट आला की औषध लिहायच्या आधी माझे दोन प्रश्न ठरलेले आहेत. घरात आणखी कोणाला होतंय का? आणि बाहेर पडल्यावर उतरतं का?

इथे एक सापळा आहे. आता घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असतो. तुम्ही तो आईच्या बोटाला लावाल, ९८ आकडा बघाल आणि निर्धास्त व्हाल. त्या आकड्यावर या बाबतीत विसंबू नका. ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि हा वायू धरलेलं हिमोग्लोबिन त्या यंत्राला जवळपास सारखंच दिसतं. याची रक्ततपासणी वेगळी असते, कार्बोक्सीहिमोग्लोबिनची, आणि तीही लवकर करावी लागते. दुपारपर्यंत आकडा उतरलेला असतो.

आता माझ्या शंकेची मर्यादा. मी तुमची खोली पाहिलेली नाही आणि आईला कुठली औषधं चालू आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर पहाटे फार उतरली तर सकाळी असंच डोकं दुखतं. वडिलांचा रक्तदाब पहाटे चढत असेल तर त्यांचं डोकं जड होऊ शकतं. रात्री मोठ्यानं घोरणाऱ्या आणि मध्येच श्वास अडकणाऱ्या माणसालाही सकाळी हाच त्रास असतो. म्हणजे दोघांना दोन वेगळी कारणं असणं अशक्य नाही. पण दोघांनाही, एकाच वेळी, एकाच खोलीत, आणि दिवस चढला की दोघांचंही उतरतं, एवढं जुळून आलं की मी आधी हवेवर संशय घेते. पडताळणीही सोपी आहे. तीन रात्री शेगडी बंद, आणि सकाळी काय होतं ते बघा.

यात एक अपवाद. कोणी गोंधळल्यासारखं बोलत असेल, चक्कर येऊन पडत असेल, छातीत दुखत असेल किंवा उठवूनही नीट जागं होत नसेल, तर तीन रात्री थांबायचं नाही. दारं-खिडक्या सताड उघडा, माणसाला बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि थेट दवाखान्यात न्या. ‘बंद खोलीत शेगडी होती’ हे पहिल्या वाक्यात सांगा. तिथे मास्कनं भरपूर ऑक्सिजन दिला की चार-पाच तासांचं काम एक-दीड तासात होतं. आणि बाहेर काढायला जाणाऱ्यानंही खोलीत रेंगाळायचं नाही. वाचवायला गेलेला तिथेच कोसळला, असं होतं.

शेगडीबरोबर न्हाणीघरातला गॅस गिझरही बघून घ्या. छोटीशी बंद न्हाणी, पेटता गिझर आणि थंडी म्हणून लांबलेली आंघोळ, हा तोच प्रकार आहे, फक्त रात्रभराऐवजी पंधरा मिनिटांत होणारा. गिझर बाहेरच्या भिंतीवर असावा आणि जळलेला वायू बाहेर सोडणारी नळी असावी. ते होईपर्यंत दार उघडं ठेवून बादल्या भरायच्या, गिझर बंद करायचा आणि मग आत जायचं. कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा मिळतो, तो झोपायच्या खोलीजवळ लावा. धुराचा भोंगा वेगळा असतो, तो या वायूवर वाजत नाही.

मग खोली उबदार ठेवायची कशानं? कारण उबदार ठेवायला तर हवीच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या घरांविषयीच्या मार्गदर्शिकेत थंडीच्या दिवसांत घरातलं तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असावं असं म्हटलंय, आणि वृद्ध, लहान मुलं किंवा जुनाट आजार असलेल्यांसाठी त्याहून थोडं जास्त लागू शकतं. भिंतीवर टांगायचं साधं तापमापक आणा. आपल्याला किती थंडी वाजते त्यावरून म्हाताऱ्या माणसांच्या खोलीचा अंदाज करू नका, कारण वयाबरोबर थंडी जाणवण्याची क्षमताच बोथट होते. विजेचा हीटर ठीक आहे, त्यातही तेल भरलेला, लाल तार उघडी नसलेला प्रकार बरा. तो पडदे-अंथरुणापासून किमान तीन फूट दूर हवा आणि थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये हवा. एक्स्टेंशन बोर्डावर हीटर चालवला की वायर तापते. त्याच्यावर ओले कपडे वाळत घालायचे नाहीत, हे सांगावं लागू नये, पण लागतं. झोपायच्या आधी तासभर खोली तापवा. पुढचं काम कपड्यांचं आणि पांघरुणाचं.

‘आमच्याकडे कुठे एवढी थंडी असते’ हे वाक्य मला धोक्याचं वाटतं. १९९७ साली युरोपातल्या अनेक प्रदेशांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. तापमान १८ अंशांच्या खाली एकेक अंश उतरलं की मृत्यू किती टक्क्यांनी वाढतात, ते त्यात मोजलं होतं. दक्षिण फिनलंडमध्ये ही वाढ पाव टक्क्याच्या आसपास निघाली, अथेन्समध्ये दोन टक्क्यांहून जास्त. कडाक्याच्या थंडीतले लोक घर तापवतात, टोपी-हातमोज्यांशिवाय बाहेर पडत नाहीत. सौम्य थंडीतले लोक ‘चालतंय की’ म्हणत गारठलेल्या घरात बसतात.

गारठणं म्हणजे शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या, म्हणजे ९५ फॅरनहाइटच्या खाली जाणं. म्हाताऱ्या माणसांत हे घरातल्या घरात, खुर्चीत बसल्या बसल्या होऊ शकतं. थायरॉइड मंद असेल, झोपेची गोळी चालू असेल किंवा माणूस पडून तासन्‌तास जमिनीवर राहिला असेल तर लवकर होतं. ओळखायचं कसं? बोलणं अडखळतं, हातातून वस्तू सुटतात, चालताना तोल जातो, माणूस उगाच चिडतो किंवा एकदम गप्प होतो. कपड्याखाली हात घालून पोटाला लावा. हातपाय गार असणं नेहमीचं आहे, पण पोट गार लागलं तर घाबरायला हवं. कुडकुडणं थांबलं म्हणजे बरं वाटतंय, असंही समजू नका. शरीर फार गार पडलं की कुडकुडण्याची ताकदच संपते. अशा वेळी कोरडे कपडे, पांघरूण आणि ताबडतोब डॉक्टर. हातपाय चोळायचे नाहीत आणि दारू तर मुळीच द्यायची नाही. दारूनं त्वचेच्या रक्तवाहिन्या पसरतात, वरून ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते.

थोडक्यात, इथपर्यंत चार गोष्टी झाल्या: खोलीत काही जळू द्यायचं नाही, गिझर तपासायचा, भिंतीवर तापमापक लावायचं, आणि रोज संध्याकाळी आईबाबांशी दोन मिनिटं बोलताना ते नेहमीसारखं बोलतायत ना याकडे लक्ष ठेवायचं. आता एकेकाकडे वळू.

वडिलांपासून सुरुवात. थंडीत त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आतली उष्णता वाचवायला. तेवढंच रक्त कमी जागेत फिरायला लागलं की दाब वाढतो. हा जादा झालेला द्रव मूत्रपिंडं बाहेर टाकतात, म्हणून थंडीत लघवी जास्त होते. तहान मात्र कमी लागते. परिणामी रक्त दाट होतं. १९८४ साली ब्रिटनमध्ये निरोगी माणसांना काही तास थंड हवेत बसवून हे मोजलं गेलं, आणि दाब, रक्ताचा दाटपणा, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी हे सगळंच वाढलेलं आढळलं. थंडीतल्या हृदयविकाराच्या झटक्यांमागे आणि पक्षाघातामागे हे मोठं कारण आहे.

म्हणून उन्हाळ्यात ठरवलेला गोळीचा डोस हिवाळ्यात पुरेलच असं नाही. तो स्वतः वाढवू नका. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसवून दाब मोजा, आकडे लिहून ठेवा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात एकदा घेतलेल्या आकड्यापेक्षा मला तो कागद जास्त उपयोगी पडतो. पहाटेच्या अंधारात फिरायला जायची सवय असेल तर दोन महिने ऊन आल्यावर जाऊ दे. बाहेरच्या गार हवेत चढ चढताना छातीत आवळल्यासारखं झालं आणि थांबल्यावर कमी झालं, तर ‘थंडीनं होतंय’ म्हणून सोडू नका, त्याच दिवशी दाखवा. रात्री लघवीला उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसायचं, पायात घसरणार नाहीत अशी पादत्राणं घालायची. थंडीतल्या मोडलेल्या खुब्यांची सुरुवात बऱ्याचदा या चार पावलांत होते.

वडिलांबाबत सगळ्यात महत्त्वाचं मात्र औषधाच्या दुकानातल्या सर्दीच्या गोळीबद्दल आहे. त्या गोळ्यांत बहुधा तीन घटक असतात. पॅरासिटामॉल, नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन, आणि सुस्ती आणणारं ॲलर्जीचं औषध. मधला घटक रक्तवाहिन्या आवळतो, म्हणजे थंडी जे करते तेच तोही करतो. रक्तदाबाच्या माणसाला ही गोळी विचारल्याशिवाय नको. या वयात प्रोस्टेट वाढलेली असेल तर याच गोळीनं लघवी तुंबते. सर्दीसाठी म्हणून घेतलेल्या दोन गोळ्यांनंतर रात्री नळी घालून घ्यायला आलेले पेशंट मी दर वर्षी बघते. शिवाय अंगदुखीसाठी वेगळी पॅरासिटामॉल चालू असेल तर तेच औषध दोनदा पोटात जातं. नाकात टाकायचे चोंदलेपणाचे थेंबही तीन-चार दिवसांच्या वर वापरू नयेत. नंतर नाक त्या थेंबांमुळेच चोंदायला लागतं. मिठाच्या पाण्याचे थेंब कितीही दिवस चालतात.

आईच्या बाबतीत माझी भीती एकच आहे, गरम पाण्याची पिशवी. बधिर पायाला भाजल्याचं कळत नाही. सकाळी मोजा काढल्यावर फोड दिसतो आणि मधुमेहात ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. पिशवीनं अंथरूण तापवा आणि आई झोपायच्या आधी ती काढून घ्या. हीटरसमोर पाय शेकणंही नको. मोजे सैल आणि लोकरीचे असू देत, घट्ट मोज्यानं रक्तपुरवठा कमी होतो. रोज रात्री तुम्ही स्वतः दोन्ही तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बघा. तिला तिकडे वाकून बघणं जमत नसेल. पायांची कातडी कोरडी पडून भेगा पडतात, त्यासाठी कोमट पाण्याची थोडक्यात आंघोळ, अंग हलकं टिपून ओलसर असतानाच मलम. बोटांच्या बेचक्यांत मात्र मलम नको, तिथे ओल राहून बुरशी येते.

मुलीबद्दल तुमच्या मनात जी काळजी आहे, तिचा बराचसा भाग गणितानं सुटेल. या वयाच्या निरोगी मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होते, त्यातल्या बऱ्याच थंडीच्या महिन्यांत. एकेक सर्दी आठ-दहा दिवसांची, खोकला मागे आणखी आठवडाभर रेंगाळतो. म्हणजे दोन महिने ‘सतत आजारी’ दिसणारी मुलगी खेळते आहे, वजन धरून आहे, तर बहुतेक वेळा ती फक्त चार वर्षांची आहे. विषाणूच्या सर्दीवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. नाकाचा शेंबूड पिवळा-हिरवा झाला एवढ्यानं ते लागत नाही. ती शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. या वयात मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त श्वास, बरगड्यांखालची जागा आत ओढली जाणं, पाणी न पिणं किंवा मलूल पडून राहणं, यातलं काहीही दिसलं तर वेळ न घालवता डॉक्टर. कपडे पुरेसे आहेत का हे मानेमागे हात लावून बघा. तिथे घाम असेल तर एक थर काढा. आपल्याला थंडी वाजली की आपण मुलांना कपडे घालतो, त्यात ती घामेजतात आणि मग ओल्या कपड्यांत गारठतात.

उरला तुमचा मूळ प्रश्न. देता येईल अशी प्रतिकारशक्तीची गोळी माझ्याकडे नाही. थंडीत आजार वाढतात कारण आपण सगळे दारं लावून एकमेकांचा श्वास घेत बसतो, आणि कोरड्या थंड हवेत फ्लूचा विषाणू जास्त सहज पसरतो. २००७ साली गिनी पिगवर झालेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं होतं. म्हणून दुपारी ऊन असताना रोज पंधरा मिनिटं सगळ्या खिडक्या उघडा. ज्याला सर्दी आहे त्यानं मास्क लावावा आणि हात धुवावेत. आईबाबांना दर वर्षी फ्लूची लस द्या. विषाणू बदलतो म्हणून लसही बदलते, आणि ती काम करायला साधारण दोन आठवडे लागतात, तेव्हा साथ येण्याआधी घ्यावी. न्यूमोनियाची लस त्यांनी घेतली आहे का हेही विचारा. मुलीचं लसीकरणाचं कार्ड काढून बघा. मी माझ्या घरी यापेक्षा जास्त काही करत नाही.

तीन रात्री शेगडीशिवाय गेल्या की सकाळी दोघांचं डोकं कसं आहे ते लिहा. वडिलांचं उतरलं आणि आईचं नाही, असं झालं तर तिची एक-दोन रात्री पहाटे तीनची साखर मोजा, आणि ते आकडे तिच्या औषधांच्या नावांसकट तिच्या डॉक्टरांना दाखवा, मलाही कळवा.